पथ्य, पंगत आणि मैत्री

(आरोग्य आणि अर्थ)

चार मराठी घरे शनिवारी संध्याकाळी एकत्र जमली की पूर्वी गप्पा कशाच्या होत? मुलांच्या शाळा, घराचे कर्ज, पुण्या-मुंबईची तिकिटे, नवा सिनेमा, कोणाचे आईवडील कधी येणार. आता पहिल्या पंधरा मिनिटांतच विषय वळतो: किती किलो उतरले, भात सोडला का, संध्याकाळी सातनंतर काही खाता का, साखर किती आली. जेवण वाढले जाते तेव्हा प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी होते. निघताना लक्षात येते की दोन-अडीच तासांत एकमेकांची खरी विचारपूस राहूनच गेली.

वजन आणि मधुमेह हे आपल्या समाजाचे खरे प्रश्न आहेत, आणि त्यांवर कोणी प्रयत्न करीत असेल तर ते कौतुकास्पदच आहे. पण पथ्य ताटातून उतरून सगळ्या बोलण्यावर पसरते तेव्हा काही माणसे त्या घोळक्यातून हळूच बाजूला होऊ लागतात. नीउ-व्हेनेपसारख्या गावात हे परवडणारे नाही. हार्लेमरमेरच्या या पोल्डरमध्ये, हूफ्डॉर्पपासून आम्स्टलव्हीनपर्यंत, भारतीय घरे वाढली आहेत हे खरे. पण आपल्या आळीत मराठी दार एखाददुसरेच असते. मावशी, आत्या, काका, शेजारच्या काकू या सगळ्यांची कामे इथे मैत्रिणी आणि मित्र करतात. मुलाला शाळेतून आणणे, ताप आला की मऊभाताचा डबा पोचवणे, सुट्टीवर गेल्यावर घराची किल्ली सांभाळणे, ही त्यांचीच कामे. अशी एक मैत्री डाएटच्या बोलण्यावरून दुरावली तर तिची जागा लवकर भरत नाही.

मैत्री ही आरोग्याचीही बाब आहे. ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात तीन लाखांवर लोकांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. धूम्रपान सोडण्याने होणाऱ्या फायद्याशी तुलना करता येईल एवढा हा परिणाम आहे. तेव्हा वजनकाट्यावर दोन किलो मिळवताना दोन मित्र गमावले, तर आरोग्याच्या हिशेबातही तो तोट्याचाच व्यवहार ठरेल.

दीक्षित की दिवेकर?

हा विषय आपल्या बोलण्यात एवढा कसा शिरला, हे आधी पाहू. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे अनेक पदव्यांसाठी आणि राजकारणातील कामासाठी प्रसिद्ध होते. खाण्याच्या वेळा आणि इन्शुलिन यांच्या संबंधाबद्दल ते व्याख्याने देत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मांडणीवरून वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी स्वतःची पद्धत रचली. खरी भूक केव्हा लागते ते ओळखून दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढेच, आणि रोज ४५ मिनिटे चालायचे, अशी ती पद्धत. २०१८ च्या सुमारास तिने महाराष्ट्र अक्षरशः व्यापला. व्याख्यानांना गर्दी झाली, त्यांच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या गेल्या, आणि व्हॉट्सॲपवर दीक्षित गट निघाले.

दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. करीना कपूरच्या 'टशन' चित्रपटाच्या वेळेपासून, म्हणजे २००८ पासून, त्यांचे नाव घरोघरी पोचले. त्यांचा भर थोडे-थोडे आणि वेळच्या वेळी खाण्यावर, घरच्या-गावच्या अन्नावर, आणि भात-तुपाला घाबरू नका या सांगण्यावर. झाले! "दीक्षित की दिवेकर?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत विचारला जाऊ लागला. जणू दोन पक्षच पडले. सकाळचे पोहे खाणे ही बाजू घेतल्याची खूण झाली.

ही लाट इथे पोचायला वेळ लागला नाही, कारण आपले गट, आपली भावंडे आणि आपले शाळासोबती तिकडेच आहेत. त्यात इथल्या गोष्टींची भर पडली: कार्यालयातील सहकाऱ्यांचे कीटो आणि १६ तासांचा उपवास, दंडावर लावायचे साखरमापक आणि अलीकडची वजन उतरवणारी इंजेक्शने.

कोणती पद्धत बरी, हा या लेखाचा विषय नाही. एवढे मात्र सांगता येईल की एकूण खाणे कमी झाले तर बहुतेक पद्धतींनी सुरुवातीला वजन उतरते, आणि पुढे टिकते ते माणसाला ती पद्धत वर्षानुवर्षे जमली तर. म्हणून एकाला लागू पडलेली पद्धत दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि तिच्यावरून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही.

बोलणे एवढे का वाढते?

डाएटवर असलेला माणूस मुद्दाम कंटाळा आणतो असे मुळीच नाही. त्यामागे शरीराचा भाग मोठा आहे. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून येतो. डॉ. ॲन्सल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे होते आणि स्वेच्छेने प्रयोगात आले होते. आधी काही आठवडे नेहमीचे जेवण, मग २४ आठवडे त्याच्या साधारण निम्मे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण डॉक्टरांना अधिक लक्षणीय वाटले ते मनातले बदल. राजकारण, अभ्यास, मैत्रिणी यांतला रस आटला. बोलणे फिरून-फिरून खाण्यावर येऊ लागले. काही जण पाककृतींची पुस्तके कादंबरीसारखी वाचू लागले. चिडचिड वाढली आणि माणसे एकमेकांपासून दूर बसू लागली. मुळात ही सगळी समजूतदार, मनमिळाऊ मुले होती.

त्याच हिवाळ्यात नेदरलँड्सचा पश्चिम भाग खऱ्या उपासमारीतून जात होता. १९४४-४५ चा तो 'भुकेचा हिवाळा'. सुमारे २० हजार माणसे त्यात दगावली. शहरांतील लोक सायकलवर किंवा पायी गावोगावच्या शेतकऱ्यांकडे बटाटे आणि धान्य मागायला जात. आपला हा पोल्डरही त्यांच्या वाटेवर होता. साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले गेले. शेजारच्या एखाद्या वृद्ध डच आजी ताटात काही टाकू देत नसतील, तर त्यामागे हे घरचे स्मरण असू शकते.

आपले डाएट म्हणजे उपासमार नव्हे, हे उघड आहे. पण दिशा तीच असते. शरीराला नेहमीपेक्षा कमी मिळाले की मेंदू लक्ष अन्नाकडे वळवतो, आणि जे मनात तेच तोंडात येते. शिवाय २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की वजन घटवल्यानंतर वर्षभराने सुद्धा भूक वाढवणारी संप्रेरके पूर्ववत झालेली नसतात. त्यामुळे मैत्रीण तिसऱ्यांदा तेच सांगू लागली तर तिचा राग येण्याआधी एवढे आठवावे की ती बहुधा भुकेली आहे. आणि आपणच डाएटवर असू, तर आपल्या बोलण्यावर थोडे लक्ष ठेवायला हवे हे समजावे.

बोलण्यामागचे बोलणे

दुसरे कारण सामाजिक आहे. मानववंशशास्त्रज्ञ मिमी निख्टर यांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किशोरवयीन मुलींचा अभ्यास केला. "मी किती जाड झालेय ना!" हे वाक्य मुली एकमेकींशी वारंवार बोलत. त्यात माहिती देण्याचा हेतू फारसा नसे. "छे, तू कुठे जाड?" हे उत्तर मिळावे, आपण गटातल्याच आहोत याची खात्री पटावी, यासाठी ते असे. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने या बोलण्याला एक नावच दिले. मराठीत त्याला 'जाडीची बोली' म्हणता येईल.

आपल्याला ही बोली नवी नाही. "वाळलीस गं!" आणि "तब्येत सुधारलीय हं!" ही आपल्या भेटीची पहिली वाक्ये. एके काळी दोन्हींत माया असे. घरात धान्य मोजून येई तेव्हा अंगावर चढलेले मांस ही सुबत्तेची खूण होती. आता काळ उलटला आणि तीच वाक्ये बोचू लागली. विमानतळावर सहा महिन्यांनी भेटलेल्या सासूबाईंचे "सुटलीस जरा" हे दोन शब्द सुनेच्या मनात सुट्टी संपेपर्यंत राहतात. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, हे खरे. पण ऐकणाऱ्याच्या मनात असते.

आणखी एक बारीक गोष्ट. परदेशात आल्यावर नोकरी, व्हिसा, मुलांची भाषा, आईवडिलांची आजारपणे यांपैकी बरेच काही आपल्या हातात नसते. पोळ्या किती खायच्या, हे मात्र हातात असते. म्हणून काळजीच्या दिवसांत माणूस ताटाचा हिशेब घट्ट धरून बसतो. एखादा मित्र अचानक डाएटशिवाय दुसरे बोलेनासा झाला, तर "बाकी सगळे ठीक ना?" असे एकदा एकटे गाठून विचारावे. पुष्कळदा खरा विषय वेगळाच निघतो.

कोणाला लागते?

घोळक्यात हा विषय निघतो तेव्हा तिथे कोण-कोण बसलेले असते, ते पाहिले पाहिजे.

यजमानीण असते. तिने सकाळपासून पुरण घाटलेले असते. "बाप रे, केवढी साखर!" हे वाक्य तिला पदार्थाबद्दलचे वाटत नाही, स्वतःबद्दलचे वाटते.

मधुमेह नुकताच कळलेला एखादा माणूस असतो. त्याने अजून कोणाला सांगितलेले नसते. "गोड खाऊन ओढवून घेतात लोक" हे ऐकून तो आणखी मिटतो. वास्तविक आपल्या वंशात मधुमेह कमी वजनावर आणि लवकर येतो. याच कारणाने डच फॅमिली डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत हिंदुस्तानी वंशाच्या लोकांची मधुमेह तपासणी पस्तिशीनंतरच सुचवली आहे, इतरांची पंचेचाळिशीनंतर.

वजन वाढत नाही म्हणून त्रासलेली मुलगी असते, थायरॉइडची रुग्ण असते, बाळंतपणानंतर सहा महिने झालेली आई असते, मूल होण्यासाठी उपचार घेणारी असते. "तुला काय, तू बारीकच!" हेसुद्धा शरीरावरचे शेरे मारणेच आहे.

आणि जिन्यात बसून खेळणारी मुले असतात. ती ऐकत नाहीत असे आपल्याला वाटते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला आई आरशासमोर स्वतःला नावे ठेवताना दिसली, तर तिला शरीराकडे पाहण्याचा तोच धडा मिळतो. इथल्या शाळेत ती वेगळ्या रंगाची, वेगळ्या डब्याची असतेच. त्यात वेगळ्या अंगाची ही जाणीव आपण घालू नये.

उपवासाची रीत

यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. वेगळे खाणाऱ्या माणसाला पंगतीत सामावून घेण्याची रीत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. तिचे नाव उपवास.

आठवून पाहा. संकष्टीला किंवा एकादशीला घरात पाहुणे आले. एकीने म्हटले, "मला आज उपवास आहे." संपला विषय. कोणी विचारले नाही की का करतेस, किती दिवस करणार, किती फरक पडला. यजमानिणीने शेंगदाण्याचा लाडू, केळे किंवा वाटीभर दही पुढे केले. उपवास करणारी बाकीच्यांच्या ताटाकडे पाहून "हे बरे नाही हं" असे म्हणाली नाही. उलट तिनेच सर्वांना वाढले. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी आजी कांदेनवमीला घरच्यांबरोबर हौसेने कांदाभजी खाई, आणि पुढचे चार महिने आपल्यापुरते पाळी. सुनेच्या भाजीतला कांदा काढायला लावत नसे. ज्या घरात तसे लावले जाई तिथे कुरबुरी होतच. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हणही याच रीतीतली: आपल्याच व्रतावर आपणच हसायची मोकळीक.

या रीतीत तीन गोष्टी आहेत. व्रत ज्याचे त्याचे. सांगायचे ते एका वाक्यात. आणि पंगत सर्वांची. डाएटला हीच रीत लावली तर निम्मे प्रश्न सुटतील.

काय करावे, काय बोलावे

*आपण डाएटवर असाल तर.* यजमानांना आदल्या दिवशीच फोन करून सांगावे: "उद्या येतोय, पण मी रात्री भात-पोळी घेत नाहीये. मुद्दाम वेगळे काही करू नका, मी कोशिंबीर आणि उसळ खाईन." ताटावर बसल्यावर मग काही सांगावे लागत नाही. कोणी विचारले तर एका वाक्यात उत्तर द्यावे. वजन, साखर, तक्ते यांबद्दल बोलण्यासाठी एक-दोन माणसे ठरवावीत, शक्यतो तीच पद्धत पाळणारी. सगळ्या मित्रमंडळावर तो भार टाकू नये. दुसऱ्याच्या ताटाबद्दल, त्याने विचारल्याशिवाय, काही म्हणू नये. ठरलेल्या वेळी जेवायचे असल्याने पंगतीत नुसते बसावे लागले तरी बसावे. ताकाचा पेला हातात घेऊन गप्पा मारता येतात. "माझे डाएट आहे" म्हणून येणेच टाळू लागलो, तर पद्धत आपल्याला झेपत नाही असे समजावे.

*आपण ऐकणारे असाल तर.* पहिल्यांदा मनापासून ऐकावे, कारण कष्ट खरे असतात. पण हेच पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर चारचौघांत टोमणा मारू नये. एकटे असताना सरळ आणि प्रेमाने सांगावे. उदाहरणार्थ: "तुझे चाललेय त्याचे मला कौतुक आहे. पण आपण भेटतो तेव्हा बरेचसे बोलणे त्यावरच होते, आणि मला तुझ्याशी बाकीचेही बोलायचे असते." किंवा: "वजनाचा विषय निघाला की मला माझ्याच अंगाची लाज वाटू लागते. माझ्यासमोर तो थोडा कमी काढशील का?" नवरा-बायको असाल तर: "जेवताना आकडे नकोत, जेवण झाल्यावर सांग."

डच मंडळी असे सरळ बोलण्यात पटाईत असतात. आपल्याला ते उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपण बोलणे टाळतो आणि मग भेटणेच टाळतो. बोलून थोडे वाईट वाटणे हे न बोलता दुरावण्यापेक्षा बरे.

*घोळक्यात विषय वळवायचा असेल तर* दुसरा प्रश्न हाताशी ठेवावा. "ते असू दे, तुमच्या बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कसे झाले?" असे विचारले की माणसे सहज वळतात. विषय तोडल्याचे कोणाला जाणवतही नाही.

*वडीलधाऱ्यांपुढे* उत्तर नम्र पण ठाम असावे. "आई, वजनाचे डॉक्टर बघताहेत. तुम्ही मला आज्जींच्या वालाच्या बिरड्याची कृती सांगा ना." आईंनाही बोलायला आवडता विषय मिळतो. मुलांसमोर कोणी शरीरावर बोलले, तर आईने किंवा बापाने तिथल्या तिथे "आमच्याकडे अंगावरून बोलत नाही हं" एवढे म्हणावे. मुलाला त्या वाक्याचा आधार पुष्कळ होतो.

*आपण यजमान असाल तर* आग्रह एकदाच करावा. आग्रह हे आपले प्रेम आहे, पण तिसऱ्या "घे गं, एकाने काय होतंय" ला समोरच्याला नाइलाजाने डाएटचे कीर्तन करावे लागते. म्हणजे ते बोलणे आपणच ओढवून घेतो. पदार्थ टेबलावर मांडून ज्याचे त्याला घेऊ द्यावे. मोदक असावेत, काकडीची कोशिंबीरही असावी. दिवाळीच्या फराळात चिवडा-चकली ठेवावी आणि कोणी किती घेतले ते मोजू नये.

*भेटण्याची पद्धत बदलून पाहावी.* आपली प्रत्येक भेट जेवणाभोवतीच असते, म्हणून बोलणे जेवणाभोवती फिरते. रविवारी सकाळी व्हेनेपरहाउटच्या झाडीतून किंवा रिंगफार्टच्या काठाने तासभर चालत जावे. पोल्डर सपाट असल्याने चढ-उताराची तक्रार नाही. वारा मात्र सोसावा लागतो. चालता-चालता माणसे जास्त मोकळी बोलतात, आणि व्यायामही होतो. ज्याचे डाएट आहे तोही खूश, ज्याचे नाही तोही.

वैद्यकीय सल्ला आणि त्याचा खर्च

मित्रांवरचा भार हलका करण्याचा एक व्यवहारी मार्ग म्हणजे हा विषय जिथला आहे तिथे नेणे. नेदरलँड्समध्ये त्यासाठी सोयी आहेत आणि पुष्कळांना त्या माहीत नसतात.

हाउसआर्त्स, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, यांच्या भेटीला 'आयखन रिसिको' लागू होत नाही. आयखन रिसिको म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी १८ वर्षांवरील प्रत्येकाने वर्षाला स्वतः भरायची रक्कम. २०१६ पासून २०२५ पर्यंत ती किमान ३८५ युरो राहिली आहे. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रयोगशाळेतील रक्ततपासणी त्यात मोजली जाते. तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून दर महिन्याला तपासण्या करू नयेत. डॉक्टर सांगतील तेव्हाच कराव्यात.

मूलभूत विम्यात डाएटिशियनचा सल्ला वर्षाला ३ तासांपर्यंत मिळतो. त्यालाही प्रौढांना आयखन रिसिको लागू होतो. २०११ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येते, तरी काही विमा कंपन्या चिठ्ठी मागतात. आधी विचारून घ्यावे. जाताना आपल्या जेवणाची तीन दिवसांची नोंद न्यावी, आणि भाकरी, आमटी, पोहे यांचे प्रमाण वाटीत सांगावे. इथल्या डाएटिशियनला पाव आणि चीजचे हिशेब पाठ असतात. आपल्या वरणभाताचे आपण समजावून द्यावेत.

२०१९ पासून मूलभूत विम्यात जीवनशैली बदलण्याचा एक दोन वर्षांचा एकत्रित कार्यक्रमही आहे. संक्षेपाने त्याला 'जीएलआय' म्हणतात. आहार, हालचाल आणि सवयी या तिन्हींवर गटाने मार्गदर्शन होते. वजन जास्त असून त्यामुळे आजाराचा धोका वाढला असेल, तर हाउसआर्त्स तिथे पाठवू शकतात. याला आयखन रिसिको लागत नाही. डाएटबद्दल मनसोक्त बोलायला तिथे हक्काची माणसे मिळतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

एक सूचना फार महत्त्वाची. जे इन्शुलिन घेतात, किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी मित्राचे ऐकून जेवणाच्या वेळा बदलू नयेत किंवा एखादे जेवण गाळू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर, गोंधळ, बेशुद्धी येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे प्रमाण ठरवावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया तसेच वाढत्या वयाची मुले यांच्यावर मोठ्यांची कोणतीही डाएट पद्धत लादू नये. वजनाची इंजेक्शनेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. ओळखीतून किंवा परदेशातून मागवू नयेत.

काळजी केव्हा करावी?

बोलणे ही कधीकधी वरची खूण असते आणि आत आजार असतो. पुढील गोष्टी दिसल्या तर दुर्लक्ष करू नये: घरच्यांबरोबर जेवणे सतत टाळणे, अन्नाचे बारीक तुकडे करून ताटात फिरवत राहणे, जेवल्यावर लगेच बराच वेळ न्हाणीघरात जाणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, थंडी वाजणे, पाळी थांबणे, थोडे जास्त खाल्ले की शिक्षा म्हणून तासन्‌तास व्यायाम करणे. खाण्याचे विकार फक्त बारीक मुलींना होतात हा गैरसमज आहे. मुलग्यांना, प्रौढांना आणि अंगाने भरलेल्यांनाही ते होतात.

अशा वेळी "जरा खात जा" हा उपदेश उपयोगी पडत नाही. "तू बरी दिसत नाहीस, मला काळजी वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर" असे म्हणावे आणि खरोखर बरोबर जावे. बऱ्याच हाउसआर्त्सच्या दवाखान्यात मानसिक स्वास्थ्यासाठी सहायक असतात. त्यांच्या भेटीला वेगळा खर्च पडत नाही. डच बोलणाऱ्या मुलांना मनातले सांगायचे असेल तर 'किंडरटेलेफोन' ही सेवा ०८००-०४३२ या क्रमांकावर मोफत आहे.

थोडक्यात

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात कोणी पुरणपोळी घेईल, कोणी नुसती कटाची आमटी पिईल, कोणी फक्त ताक. तिघांनाही एकाच सतरंजीवर जागा असावी आणि तिघांनाही कोणी कारण विचारू नये. वजनाचे आकडे डॉक्टरांच्या खोलीत आणि आपल्या वहीत ठेवावेत. या महिन्यात ज्या मित्राशी डाएटखेरीज काही बोलणे झालेले नाही, त्याला एक फोन करावा आणि "कसा आहेस?" असे विचारून उत्तर पुरते ऐकून घ्यावे.